साठ मेंढ्या, एकशे पंच्याण्णव गोचीड

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९४१ सालच्या एका निबंधात मेंढ्यांवरच्या गोचिडांची छोटीशी मोजणी आहे. मेंढ्या ६०. त्यांतल्या ७ मेंढ्यांवर एकही गोचीड नाही. ९ मेंढ्यांवर एकेक, ८ मेंढ्यांवर दोन-दोन, १३ मेंढ्यांवर तीन-तीन, ८ मेंढ्यांवर चार-चार, ५ मेंढ्यांवर पाच-पाच, ४ मेंढ्यांवर सहा-सहा आणि ३ मेंढ्यांवर सात-सात. आठ गोचीड असलेली एकही मेंढी नाही, नऊवाली एक आहे आणि दहा-दहा गोचीड वागवणाऱ्या दोघीजणी आहेत. सगळे मिळून १९५ गोचीड, म्हणजे मेंढीमागे सरासरी सव्वातीन.

सरासरी हाती आली की बहुतेक माणसे वही मिटतात. फिशर यांना रस होता तो सरासरीभोवतीच्या पसाऱ्यात. समजा, गोचीड निव्वळ योगायोगाने चिकटतात आणि कळपातल्या प्रत्येक मेंढीला सारखाच धोका आहे. मग साठांपैकी किती जणी कोऱ्या राहतील, याचे गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या सूत्राने मांडता येते. उत्तर येते दोन, फार तर तीन. प्रत्यक्षात कोऱ्या राहिल्या सात. दुसऱ्या टोकालाही तेच. आठ किंवा त्याहून जास्त गोचीड असलेली जेमतेम एक मेंढी निघायला हवी होती, निघाल्या तीन. पसारा मोजायला संख्याशास्त्रात विचरण नावाचे माप वापरतात. नुसत्या योगायोगात ते सरासरीइतकेच, म्हणजे ३.२५ च्या आसपास राहते. या साठ मेंढ्यांचे विचरण काढले तर ते ५.९ भरते.

हेच आकडे निराळ्या पद्धतीने मांडून पाहावेत. सर्वांत जास्त गोचीड असलेल्या १५ मेंढ्या, म्हणजे कळपाचा चौथा हिस्सा, बाजूला काढा. त्यांच्यावर मिळून ९९ गोचीड आहेत. उरलेल्या ४५ जणींच्या वाट्याला ९६. कळपाच्या पाव हिश्शाने निम्म्याहून जास्त गोचीड पोसले आहेत.

आणि गोचिडांचा हा नमुना त्या मानाने सौम्य म्हणायचा. पोटातल्या जंतांची वाटणी याहून कितीतरी लबाड असते. कळपातल्या मूठभर जनावरांच्या पोटात बहुतांश जंत आणि बाकीच्यांच्या पोटात किरकोळ, हे चित्र इतक्या ठिकाणी, इतक्या प्राण्यांत दिसले की हॅरी क्रॉफ्टन या ब्रिटिश परजीवीशास्त्रज्ञांनी १९७१ साली या असमान वाटणीला परजीवीपणाच्या व्याख्येतच जागा द्यावी, असे मांडले. ज्या गणिती वक्राने ही वाटणी लिहितात तो 'ऋण द्विपद' वक्र. फिशर यांच्या त्या निबंधाचा विषयही तोच. मेंढ्या तिथे उदाहरणापुरत्या आल्या होत्या.

मेंढपाळाच्या दृष्टीने खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. त्या पंधराच का? त्या वयाने लहान होत्या, की नुकत्या व्यालेल्या? ओलसर बांधाकडे चरायची त्यांना खोड होती का? त्यांच्या आईपासूनच काही कमकुवतपणा आला होता का? अशा प्रत्येक 'का'ला पशुवैद्यकात जोखीम घटक म्हणतात. हे घटक शोधण्याची रीत आणि त्या रीतीतले खड्डे हा या प्रकरणाचा विषय आहे. रीत सोपी आहे. खड्डे पुष्कळ आहेत आणि त्यांत पदवीधर माणसे पडतात.

गोचीड डोळ्यांना दिसतो, बोटांनी मोजता येतो. पोटातल्या जंताचे तसे नाही. मेंढ्या-शेळ्यांचा सर्वांत वाईट शत्रू मानला जाणारा हिमॉन्कस कंटॉर्टस हा जंत त्यांच्या चौथ्या पोटात राहतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब. रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याला पीळ घालून गेलेले पांढरे अंडाशय यांमुळे ती दुरंगी गोफासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खातो. ऐकायला किरकोळ वाटते. पण हजार जंत असले की दिवसाला ५० मिलिलिटर झाले, आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असते जेमतेम दोन लिटर. चार दिवसांत दहावा हिस्सा गेला. मेंढी नवे रक्त तयार करत राहते, पण त्या वेगाला पुरी पडत नाही. मग डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते, कळप चालताना ती मागे राहू लागते. कधी कधी तर अंगावर मांस असतानाच जाते.

जंत खरोखर मोजायचे तर मेंढी कापावी लागते. जिवंत जनावरात मोजतात ती जंतांची अंडी. गॉर्डन आणि व्हिटलॉक या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९३९ साली सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत यासाठी जी काचपट्टी बनवली, ती आजही जगभर वापरात आहे. ३ ग्रॅम लेंडी ४२ मिलिलिटर पाण्यात घोटायची, गाळायची, पुढे मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळायची. दाट खारट द्रावणात अंडी तरंगून वर येतात आणि काचपट्टीच्या वरच्या काचेला जाऊन टेकतात. काचेवर रेघा आखलेल्या असतात. त्या रेघांमधली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि दोन्ही कप्प्यांची बेरीज ५० ने गुणायची. हे झाले एका ग्रॅम लेंडीतल्या अंड्यांचे माप.

५० ने गुणायचे याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एका ग्रॅममध्ये खरोखर २० अंडी असतील तर काचपट्टीखाली सरासरी ०.४ अंडे येणार. अंडे अर्धवट येत नाही. एक तर दिसते, नाही तर नाही. हिशेब केला तर अशा जनावरात तीनपैकी दोन वेळा उत्तर 'शून्य' येते. तक्त्यात ते 'निरोगी' म्हणून नोंदले जाते. यकृतात राहणाऱ्या चपट्या पर्णकृमींची अंडी तर जड असतात, मिठाच्या पाण्यात ती तरंगतच नाहीत. त्यांच्यासाठी शेण पाण्यात ढवळून गाळ खाली बसू द्यावा लागतो. म्हणून कुठल्याही अहवालात 'इतके टक्के बाधित' असे वाचले की पहिला प्रश्न असावा, तपासले कसे? पद्धत बदलली की टक्केवारी बदलते, कळप तोच राहिला तरी. शिवाय हिमॉन्कसचे अंडे आणि त्याच्या भाऊबंद गोल जंतांचे अंडे सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखेच. लेंडी आठवडाभर उबेत ठेवून, अळ्या बाहेर काढून, त्यांच्या शेपटीची ठेवण पाहिली की मग जात ठरते. हे कष्ट सगळेच घेतात असे नाही.

आता तक्त्याकडे येऊ. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्या गावचे नाहीत.

समजा ४०० शेळ्या तपासल्या. त्यांतल्या २०० कच्च्या जमिनीच्या गोठ्यातल्या, २०० फरशी किंवा कोबा केलेल्या गोठ्यातल्या. कच्च्या गोठ्यात १०२ शेळ्यांच्या लेंडीत अंडी सापडली, पक्क्या गोठ्यात ४८ शेळ्यांच्या. म्हणजे ५१ टक्के विरुद्ध २४ टक्के. धोका सव्वादोनपटीच्या जरा खाली, नेमके सांगायचे तर २.१ पट. पण शोधनिबंधांत बहुधा हा आकडा छापत नाहीत. तिथे ऑड्स रेशो असतो. कच्च्या गोठ्यात बाधित १०२, अबाधित ९८. पक्क्या गोठ्यात ४८ आणि १५२. पहिल्या जोडीच्या भागाकाराला दुसऱ्या जोडीच्या भागाकाराने भागले की येतात ३.३. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन निराळ्या गोष्टी मोजतात. आजार दुर्मीळ असला तर दोन्ही जवळजवळ सारखे येतात. जंत दुर्मीळ नसतात. म्हणून ३.३ चा ऑड्स रेशो वाचून 'कच्च्या गोठ्यात धोका तिपटीहून जास्त' अशी बातमी लिहिणारा वार्ताहर, आणि कधी कधी खुद्द संशोधकही, मामला निष्कारण फुगवून सांगत असतो.

हे दुय्यम झाले. मुख्य घोटाळा पुढे आहे. कच्च्या गोठ्यातल्या २०० शेळ्यांपैकी १६० रानात चरायला जातात आणि ४० दावणीला खातात, असे निघाले. पक्क्या गोठ्यात उलट, ४० चरायला जातात आणि १६० दावणीला. आता चरणाऱ्या आणि दावणीच्या शेळ्यांचे तक्ते वेगवेगळे करा. कच्च्या गोठ्यातल्या १६० चरणाऱ्यांपैकी ९६ बाधित, म्हणजे ६० टक्के. पक्क्या गोठ्यातल्या ४० चरणाऱ्यांपैकी २४ बाधित, तेही ६० टक्केच. दावणीच्या शेळ्यांत कच्च्या गोठ्यातल्या ४० पैकी ६ आणि पक्क्या गोठ्यातल्या १६० पैकी २४, दोन्हीकडे १५ टक्के. गोठ्याच्या जमिनीचा फरक पार नाहीसा झाला. धोका होता चरण्यात. ज्या मालकाकडे कोबा करायला पैसे होते त्याच्याकडे चारा विकत आणायलाही होते, एवढाच त्या ३.३ चा अर्थ.

हिमॉन्कसचा जीवनक्रम ठाऊक असलेल्याला हा तक्ता न मांडताही शंका आली असती. अंडे लेंडीवाटे पडते, ऊब आणि ओल मिळाली तर आठवडाभरात त्यातली अळी बाधा करण्याच्या अवस्थेला येते, गवताच्या पात्यावर चढते आणि मेंढी ते पाते खाते. जंताची लागण घासाबरोबर होते, खुराखालून नव्हे. तरीही जोखीम घटकांच्या अभ्यासांत ठरावीक रांग दिसते: वय, लिंग, जात, ऋतू, कळपाचा आकार, गोठ्याची जमीन आणि मालकाचे शिक्षण. मालकाच्या शिक्षणाला माझा तात्त्विक विरोध नाही. पण जंत काही मालकाची सनद तपासून पोटात शिरत नाही. शिक्षणाचा परिणाम होतच असेल तर तो चारा, औषध, चराई अशा कशाच्या तरी मार्गाने होतो, आणि तो मार्ग सापडल्याशिवाय शेतकऱ्याला सांगण्यासारखे काही हाती लागत नाही.

वेगवेगळे तक्ते करून पुन्हा एक उत्तर काढायची पद्धत मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ साली मांडली. त्याच्या आदल्या वर्षी डेव्हिड कॉक्स यांचा हो-नाही स्वरूपाच्या उत्तरांवरचा निबंध आला होता. आज ज्याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात ती पद्धत त्याच घराण्यातली. तिच्या साहाय्याने दहा-पंधरा घटक एकदम पारड्यात घालून प्रत्येकाचा वेगळा वाटा काढता येतो. संगणकावर हे काम चुटकीसरशी होते आणि गोम तिथेच आहे. प्रश्नावलीत चराईचा प्रश्न विचारलाच नसेल तर संगणक चराईचा वाटा वेगळा काढू शकत नाही. तो सारा दोष गोठ्याच्या जमिनीवर टाकून मोकळा होतो.

आणखी एक खड्डा. वरच्या ४०० शेळ्या २० कळपांतून, प्रत्येकी २०, अशा घेतल्या असतील तर त्या खरोखर ४०० साक्षीदार आहेत का? एका कळपातल्या शेळ्या एकाच रानात चरतात, एकाच दिवशी औषध पितात. एकीला जंत तर शेजारणीला असण्याची शक्यता वाढते. हे साम्य ० ते १ या मापावर मोजतात. ते ०.२ धरले तर सूत्र सांगते की माहितीचे मोल ४.८ पटींनी घटले. ४०० शेळ्यांची साक्ष सुमारे ८३ सुट्या शेळ्यांइतकी. ज्या अहवालात कळपांचा हा हिशेब धरलेला नसतो, तिथली अचूकता दिसते त्याच्या निम्मीही नसते.

मग ताऱ्यांची गोष्ट. निष्कर्ष योगायोगाने येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असली की त्या आकड्यावर तारा काढण्याची चाल आहे. ५ टक्क्यांची ही मर्यादा रूढ झाली ती प्रामुख्याने फिशर यांच्याच १९२५ सालच्या पुस्तकामुळे. एका घटकासाठी ती ठीक आहे. पण काहीच संबंध नसलेले वीस स्वतंत्र घटक तपासले, तरी त्यांतल्या निदान एकावर तारा येण्याची शक्यता ६४ टक्के असते. अठरा-वीस घटक चाळून एक-दोन तारे मिळवायचे आणि निष्कर्षात तेवढेच लिहायचे, हा प्रकार जगभर चालतो. आपणही त्याला अपवाद नाही.

काही वेळा तर काळाची दिशाच उलटी वाचली जाते. 'जंतनाशक दिलेल्या कळपांत जंत जास्त' असे एखाद्या पाहणीत निघाले तर औषधाला दोष देण्याची घाई करू नये. जुलाब लागले, जनावरे खंगली, म्हणूनच मालक औषधाच्या दुकानी गेला असेल. मरतुकड्या मेंढीचेही तसेच. जंतांमुळे ती मरतुकडी झाली की उपासमारीने मरतुकडी होती म्हणून जंतांना रोखू शकली नाही? एकाच दिवशी काढलेल्या तक्त्यात याचे उत्तर नसते. त्यासाठी तीच मेंढी महिनोन् महिने पाहावी लागते.

पश्चिम महाराष्ट्रात हा गुंता आणखी घट्ट होतो. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरतात, रात्री शेतात मेंढ्या बसवून खताचे धान्य-पैसे घेतात आणि पाऊस लागायच्या आत घाटावर परततात. कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही, हे त्यांना कुठल्याही तक्त्याशिवाय पक्के ठाऊक आहे. या चक्रात ऋतू बदलतो तेव्हा गाव, गवत, चालण्याचे अंतर, कळपाची दाटी, सगळे एकदम बदलते. 'पावसाळ्यात जंत जास्त' हा निष्कर्ष खरा आहे, त्याला जीवशास्त्राचा आधार आहे. महिन्याला ५० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि १८ अंश सेल्सिअसच्या वर सरासरी कमाल तापमान असले की हिमॉन्कसला पोषक, असा ठोकताळा गॉर्डन यांनी १९४८ साली ऑस्ट्रेलियात बांधला. पुण्याचे जून ते सप्टेंबर हे चारही महिने त्यात सहज बसतात. पण त्या वाढीतला किती वाटा पावसाचा आणि किती एका जागी थांबून त्याच रानात पुन्हा पुन्हा चरण्याचा, हे वेगळे काढणे सोपे नाही.

म्हणून ज्या अभ्यासांत हा गुंता आधीच सोडवून ठेवलेला असतो, त्यांना मी जास्त मोल देतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे एक काम या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. सुंदरबनच्या दलदलीतली गारोल नावाची बुटकी मेंढी जुळी कोकरे देते म्हणून संस्थेने ती आणली होती आणि दख्खनी व बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर केला होता. गारोल पिढ्यान् पिढ्या ओल्या रानात, म्हणजे जंतांच्या माहेरी, वाढलेली. तिच्यात जंतांना तोंड देण्याची ताकद असेल का, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साथीने तपासले गेले आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. गारोल रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी निघाली. गावोगावची पाहणी करून 'अमुक जातीत जंत कमी' असे म्हटले असते तर त्या जातीचा मालक, रान, पाऊस हे सारे त्यात मिसळले असते. इथे कोकरे एकाच संस्थेच्या देखरेखीखाली वाढलेली होती, त्यामुळे रक्ताचा वाटा बराच स्वच्छ दिसला. अर्थात त्याची किंमतही दिसली. संकरित कोकरे वजनाला मागे पडत होती, आणि कोकरू विकले जाते ते वजनावर.

घटकावरून कारणापर्यंत पोचण्याचा सर्वांत देखणा नमुना मात्र सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात पुन्हा गोचीड आहेत. अमेरिकेत टेक्सासमधून उत्तरेकडे हाकलत नेलेल्या गुरांच्या वाटेवर तिथली स्थानिक गुरे तापाने पटापट मरत. १८६८ साली इलिनॉयमध्ये मोठी साथ आली. विचित्र गोष्ट अशी की दक्षिणेकडून आलेली गुरे स्वतः धडधाकट असत, आणि ती निघून गेल्यावर काही आठवड्यांनी उत्तरेची गुरे आजारी पडत. गुराख्यांनी गोचिडांवर बोट ठेवले होते. शिकलेल्यांनी ते बरेच दिवस हसण्यावारी नेले. दक्षिणेच्या गुरांबरोबर गोचीड येत हे खरे, पण त्यांच्याबरोबर शेण, लाळ, मूत आणि प्रवासाचा शीणही येत होता. मघाच्या कोब्याचाच प्रश्न हा.

थिओबाल्ड स्मिथ, फ्रेड किलबॉर्न आणि कूपर कर्टिस यांनी १८८९ पासून वॉशिंग्टनजवळच्या सरकारी केंद्रावर तक्त्याऐवजी कुंपणे घातली. एका आवारात गोचीड असलेली दक्षिणेची गुरे आणि उत्तरेची गुरे एकत्र. दुसऱ्यात तशीच जोडी, पण दक्षिणेच्या गुरांवरचा एकूण एक गोचीड हाताने वेचून काढलेला. तिसऱ्यात दक्षिणेचे एकही जनावर नाही, नुसते गोचीड गवतात सोडलेले. पहिल्या आणि तिसऱ्या आवारातली उत्तरेची गुरे तापाने पडली, दुसऱ्यातली ठणठणीत राहिली. गुरे आणि गोचीड या एकत्र चालणाऱ्या दोन गोष्टींची त्यांनी ताटातूट केली आणि प्रश्न सुटला. तांबड्या पेशींत शिरणारा बबेसिया हा परजीवी गोचीड पोचवतो, हे १८९३ साली प्रसिद्ध झाले. संधिपाद जीव रोग पसरवतो याचा हा पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक. रोनाल्ड रॉस यांचा डासांवरचा शोध त्यानंतर चार वर्षांनी लागला. आपल्याकडचा गोचीड ताप याच जातकुळीतला. दक्षिणेची गुरे धडधाकट का दिसत, याचाही उलगडा झाला. वासरपणीच सौम्य लागण होऊन ती सावरलेली असत. म्हणजे 'आजारी दिसणारे जनावर ते धोक्याचे' हा समज इथे साफ उलटा ठरला.

प्रत्येक वेळी कुंपणे घालणे जमत नाही. पाऊस आणि ऊन तर कुंपणात कोंडता येत नाही. पण मोजता येते. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या कामातून ऑलरनशॉ आणि रोलंड्स यांनी १९५९ साली पर्णकृमीच्या अंदाजाचे सूत्र दिले: महिन्यातले पावसाचे दिवस गुणिले (पाऊस वजा बाष्पीभवन अधिक ५), मोजमाप इंचांत. पर्णकृमीचा मधला मुक्काम ज्या इवल्या गोगलगाईत असतो ती तिथे चिखलात राहते, आणि चिखल किती दिवस टिकेल एवढेच हे सूत्र विचारते. उन्हाळ्यातल्या आकड्यांवरून हिवाळ्यात मेंढ्यांवर काय ओढवेल, याचा इशारा ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांना त्यावरून देता येऊ लागला. ते उचलून भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात लावले तर चालणार नाही. आपल्या म्हशींना होतो तो पर्णकृमी वेगळ्या जातीचा आणि त्याची गोगलगाय चिखलापेक्षा साचलेल्या पाण्यात रमणारी.

या साऱ्या हिशेबाचा रोजच्या मेंढपाळीत सर्वांत थेट उपयोग झाला तो दक्षिण आफ्रिकेत, आणि तो नाइलाजाने झाला. जंतनाशकांचा इतिहास थोडक्यात असा: थायाबेंडाझोल १९६१ साली बाजारात आले आणि १९६४ पर्यंत त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसच्या नोंदी छापून आल्या. पुढची औषधेही त्याच वाटेने गेली. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजले की औषधाने मरणारे जंत संपतात आणि न मरणारेच पुढची पिढी घालतात. यावर तोड निघाली ती असमान वाटणीतून. कळपातल्या थोड्याच मेंढ्यांत बहुतांश जंत असतील तर औषध फक्त त्यांनाच द्यावे. बाकीच्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत जिवंत राहू द्यावेत, म्हणजे रानातल्या अळ्यांत त्यांची भरणी होत राहते आणि औषधाला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण वाढायला वेळ लागतो.

पण त्या थोड्या मेंढ्या ओळखायच्या कशा? प्रत्येकीची लेंडी काचपट्टीखाली घालणे हजार मेंढ्यांच्या मालकाला शक्य नाही. फाफा मलान या पशुवैद्यांच्या नावावरून ओळखला जाणारा फमाचा तक्ता त्यासाठी आला. एका कार्डावर पापणीच्या आतल्या भागाचे पाच रंग छापलेले. १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे पांढराफटक. मेंढी धरायची, अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबायची, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि उघड्या पडलेल्या आतल्या रंगाची कार्डाशी तुलना करायची. हे सावलीत नव्हे, उजेडात करायचे. ४ आणि ५ ला औषध. कोकरांना आणि गाभण किंवा दुभत्या मेंढ्यांना ३ असले तरी औषध. सवय झाली की एका मेंढीला काही सेकंद पुरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांत हंगामभर बहुतेक मेंढ्यांना एकदाही औषध लागले नाही आणि त्याच त्या थोड्या पुन्हा पुन्हा पांढऱ्या निघत राहिल्या. अशा मेंढ्यांची नोंद ठेवली तर पैदाशीसाठी कोणाला ठेवायचे नाही, हेही त्याच वहीतून कळते.

आपल्याकडे हे कार्ड वापरताना एक पथ्य पाळावे लागते. पापणीचा रंग रक्त किती उरले एवढेच सांगतो, ते कोणी खाल्ले हे सांगत नाही. पर्णकृमी, गोचीड, उपासमार, यांपैकी कशानेही पापणी पांढरी पडते. कळपात मुख्य जंत हिमॉन्कसच आहे, हे लेंडीतल्या अळ्या वाढवून आधी एकदा तपासून घ्यावे. पाणथळ रानात चरणारा कळप असेल तर गाळ बसवून पर्णकृमीची अंडीही पाहावीत. मगच कार्ड घेऊन कळपात शिरावे, आणि पावसाळा ऐन भरात असताना दर दहा-पंधरा दिवसांनी पापण्या तपासाव्यात, कारण या जंताच्या बाबतीत २ वरून ५ वर जायला मेंढीला फार दिवस लागत नाहीत.